मायाप्पाचा तुडवलेला बांध

पहिल्याच भेटीत मायाप्पाने मला नातेपुत्यापासून दिल्लीपर्यंत चालवलं. निदान माझ्या गुडघ्यांचं तरी असंच म्हणणं आहे. मी फक्त रस्ता विचारायला थांबलो होतो. ओढ्यावरच्या मातीच्या बांधावर एक इसम उभा होता. त्याच्या पटक्यात एका लग्नाचा मांडव निघाला असता. तो वरूनच ओरडला, "पावनं, सांगतो की! पर आदी ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर चला. टाचा दाबून!"

मी जाऊन आलो.

"वजन लई झ्याक हाय तुमचं," तो कौतुकाने म्हणाला. "आजून एक फेरी हुं द्या."

बांध त्याच्या स्वतःच्या रानात होता, सरकारचा हात न लागलेला. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपायचं आणि मेंढरांचा कळप वरून फिरवायचा, असा खुरांनी तुडवून त्याने तो घातला होता. अडलेलं पाणी जमिनीत मुरे, खालच्या रानातल्या जोतिरामच्या विहिरीला पाझरे, आणि मेंढरांना उन्हाळाभर पुरे. मायाप्पाचा सगळा जीव त्या पाण्यात. बांध फुटू नये म्हणून तुडवणं त्याने पुढे थांबवलंच नाही. मतं मागायला येणाऱ्यालाही आधी फेरी, मग चहा. विजयमालाला, म्हणजे त्याच्या मुलीला, बघायला आलेल्या मंडळींनी तर ती बाहेर येण्याआधीच पसंती कळवली. पुन्हा यायची त्यांची तयारी नव्हती.

जादा पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या कडेला सांडवा ठेवला होता. तेवढा मात्र मायाप्पाला खुपायचा. एका वर्षी त्याने तिथे मातीची पोती रचली. मी गेलो तेव्हा त्यावरूनच नवराबायकोचं चाललं होतं.

"अवो, पाण्याला जायाला वाट ठिवा की," केराबाई म्हणाली.

"कशाला? त्याला काय बाजाराला जायचंय?"

"जाईल की. तुमाला न इचारता जाईल."

"हत्ती नाचवला तरी बांध हलायचा न्हाय!"

"बांधाचं कोण बोलतंय? त्या कडंच्या रानात कुटला पावना नाचलाय?"

मायाप्पा एवढा हसला की पटका सुटला.

त्या वर्षी परतीच्या पावसात ओढा फुगला. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. केराबाई "पोती काडा!" म्हणून ओरडत राहिली आणि मायाप्पा बांधावर मेंढरं फिरवत राहिला. सांडवा बंद दिसल्यावर पाण्याने बांधाच्या टोकाला वळसा घातला, तिथली भुसभुशीत जमीन कापली आणि सगळा साठा त्या वाटेने निघून गेला.

बांध फुटला नाही. तो अजून तिथेच आहे. मागे पाणी नाही, जोतिरामची विहीर गाळाने भरली आहे, आणि मेंढरांसाठी टँकर येतो.