आपलं गाणं

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, माफी असावी. विहारात मेणबत्त्यांचा वास आला की सहा वर्षांची माझी बहीण आठवते, डोळे मिटून भीमगीत गाणारी. गाणं शिकायला मी तिला देऊळघाटहून बुलढाण्याला नेलं होतं. वर्गाच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर दिसली आणि मी घाबरून बहिणीच्या कानात सांगितलं, "इथं आपलं गानं म्हनू नको." गाण्याच्या सरांनी पेटी पुढे ओढली. "तुले आवडते ते म्हन, बेटा." तिने माझ्याकडे पाहिलं; मी डोळ्यांनीच नको म्हटलं. मग तिने शाळेची प्रार्थना कशीबशी सुरू केली आणि मधेच अडली. "इले गोडीच नाही, कायले जबरदस्ती करता?" सर म्हणाले. परतताना ऑटोत तिने विचारलं, "दादा, आपलं गानं खराब हाय का?" त्यानंतर ती विहारातही गायली नाही. आता ती चौथीत आहे. परवा पेपरात बातमी आली की सर वारले. त्यात लिहिलं होतं, ते आपल्याच समाजातले होते आणि भीमगीतं गात गातच गाणं शिकले होते.