फायरवॉलचा भरणा

९ नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वी. गेलेले जीव दोन : एक चालक, एक हमाल.

ही गोष्ट जिची, त्या बाईचा चालक हा धाकटा भाऊ. ट्रकच्या इंजिनातली आग केबिनमध्ये शिरू नये म्हणून मध्ये पत्र्याची आडभिंत असते. धंद्यात तिला फायरवॉल म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला काचेच्या लोकरीचा, म्हणजे न पेटणाऱ्या काचतंतूंचा, भरणा घातलेल्या, रेक्झिनने मढवलेल्या फळ्या बसवतात. त्या दिवशी इंजिनाने पेट घेतला आणि दोघांना दार उघडण्याइतकाही अवधी मिळाला नाही. चौकशीच्या अहवालाने दोष चालकाच्या सिगारेटवर टाकला. भाऊ सिगारेट ओढत असे, हे बहिणीने कधी नाकारले नाही. तिने एवढेच विचारले होते, "काचेची लोकर सिगारेटने कधीपासून पेटायला लागली?" उत्तर देण्यास कोणी बांधील नव्हते.

ती स्वतः या फळ्या करणारी. खोली एकच, टेबल म्हणून जुना दरवाजा, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी साचे. समोर सगळे तिला ताई म्हणत, पाठीमागे दाभण. "तोंड उघडलं की टोचणारच," असे शेजारचा वेल्डर म्हणे, आणि मग मागे वळून पाही.

या कामात एक अलिखित नियम आहे. भरणा एकाचा, मढवणे दुसऱ्याचे. मढवायला आलेली बंद फळी उघडून पाहणे हा अविश्वास समजला जातो. त्या वर्षी वाहतूक कंपनीच्या मालकाने दोन ट्रकांच्या फळ्या स्वतःच्या शेडमध्ये भरून, बंद करून तिच्याकडे पाठवल्या. तिने नियम पाळला आणि न उघडता शिवल्या. त्यांतला एक ट्रक भावाला मिळाला. दुसरा राहिला.

तो दुसरा ट्रक घेऊन मालक यंदा तिच्या दारात आला.

"ताई, हा मी विकत घेतलेला पहिला ट्रक. ऑफिससमोर उभा करायचाय, अगदी नवरीसारखा नटवून. याचे साचे तुमच्याकडेच आहेत म्हणे."

"आहेत. भरणाही बदलावा लागेल."

"छे, छे! आतलं उघडूच नका. वरून नवं चढवा."

"बरं, मालक."

तो गेल्यावर तिने आपलीच शिवण उसवली. आत काचेच्या लोकरीचा धागासुद्धा नव्हता. डांबराने चिकटवलेली गोणपाटाची चिरगुटे होती, आणि खोक्यांत घालतात तो फोम. ती रडली नाही. तिने दुसरी फळी उघडली, मग तिसरी.

पुढचे नऊ दिवस ती नव्या फळ्या करत होती. तोंडाला फडके बांधून तिने काचेची लोकर समान जाडीत अंथरली, कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद केल्या, पेडल आणि वायरींसाठी मापाची भोके पाडून प्रत्येकात रबरी कडी बसवली. सुडाला घाई परवडत नाही, आणि निकृष्ट काम हातात घेऊन दुसऱ्याच्या निकृष्ट कामाचा जाब मागता येत नाही.

काम न्यायच्या दिवशी तिने ट्रकतळावरच्या पाच चालकांना बोलावून घेतले. फळी बसवण्यापूर्वी भरण्याच्या तुकड्याला गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने जाळ लावून पाहायचा, अशी या कामातली रीत. तिने मालकापुढे दोन तुकडे ठेवले. पहिला नुसता काळवंडला. "वा!" मालक म्हणाला. दुसरा भडकला, वितळून थेंब गळू लागले; त्याने तो टाकून बुटाने विझवला.

"हे कुठलं?"

"तुमच्याच गाडीतलं. उघडू नका म्हणालात ना, ते."

मालकाने चालकांकडे पाहिले. "पण तेव्हा शिवलं तुम्हीच होतं ना?"

"हो. शिवण माझी, भरणा तुमचा. न उघडता शिवलं, हा माझा गुन्हा. आज सकाळीच चौकशी कचेरीत तसं लिहून दिलंय. आता तुम्ही लिहा."

"अकरा वर्षं झाली, ताई. जुनी मढी कशाला उकरता?"

"पुरायला तरी धड काय हाती लागलं होतं?"

"बोला, काय घेता?"

"सही."

त्याने नकारार्थी मान हलवली. मग फळ्या इथेच राहतील, असे तिने सांगितले. मालकाने किल्ली सर्वांत वयस्कर चालकापुढे धरली. "घे रे, काढ गाडी."

चालकाने दोन्ही हात खिशात घातले. "माफ करा, मालक. माझी घरी वाट बघतात."

अखेर मालक स्वतःच चढला. समोर उघडा पत्रा, इंजिनाची धग थेट नडग्यांवर, भोकांतून धूर. गल्लीच्या टोकापर्यंतही त्याला तग धरवला नाही. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि पाय झाडत खोकू लागला.

"सिगारेट ओढली असेल!" एक चालक ओरडला, आणि बाकीचे हसले.

ती हसली नाही. पण दारातून हललीही नाही. मालक ट्रक तिथेच सोडून, लंगडत, वळणाआड जाईपर्यंत तिने ते सगळे पाहिले, आणि ते तिला गोड वाटले. यात न्याय नव्हता, हे तिला ठाऊक होते.

अहवाल बदललेला नाही. दोन जीवांच्या दोषातला आपला वाटा तिने लेखी कबूल केला आहे. मालकाचा बाकी आहे.