हिरवा डाग

तळ्याकाठी दर रविवारी कचरा वेचणारे आम्ही सात-आठ निवृत्त लोक. कचरा महापालिकेची गाडी नेते, किस्से आमच्याकडेच साठतात. पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता लोकांशी हुज्जत संपली. कसलं काय!

*

एक गृहस्थ काच फुटलेला देवाचा फोटो तळ्यात सोडायला स्कूटरवरून आले. मी आडवी गेले.

"अक्का, फुटलेला फोटो घरात ठेवू नये म्हणतात."

"आणि काच कुणाच्या पायात जावी म्हणतात?"

ओशाळून त्यांनी फोटो काठच्या लिंबाला टेकवला. दिवाळीपर्यंत तिथे अकरा देव जमले. आता लोक येऊन उदबत्ती लावतात आणि रिकामे पुडे आम्ही वेचतो.

*

आमचे म्होरके देशपांडे सर. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, मळमड्डीतलं भाड्याचं घर सोडून तळ्याजवळ बंगला बांधला. एकदा तळ्याचं पाणी बाटलीत भरून त्यांनी ती महापालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर उघडी ठेवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"सर, टोपण लावा की."

"तळ्याला टोपण नसतं, साहेब."

साहेबांनी अर्ज लेखी मागितला.

*

त्या अर्जाची मला आजही लाज वाटते. तळं कोण घाण करतं, या रकान्यात आम्ही यल्लप्पा परटाचं नाव लिहिलं. नाल्याच्या तोंडाशी त्याचा धुण्याचा दगड आहे, आजोबांपासूनचा. आमच्या सगळ्यांचे कपडे तोच धुतो. सरांनी त्याला साबणावर अर्धा तास लेक्चर दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"साबण मी आणतो, हौद्री, खरं आहे ते. हा वास कोण आणतं, तेवढं बघा की सर."

पुढच्या आठवड्यात त्याला नोटीस आली. पंधरा दिवसांत दगड सोडायचा होता. घरात चार खाणारी तोंडं, दुसरं काम येत नाही.

*

वासाचं ते वाक्य सरांना झोंबलं. नाल्यात कुणाचं सांडपाणी येतं हे शोधायला त्यांनी दुर्गदबैलच्या बाजारातून रंग आणले. एका सोमवारी सकाळी मंगल कार्यालयाच्या मोरीत लाल टाकला, अपार्टमेंटच्या मोरीत निळा. "आपलं ड्रेनेज पक्कं आहे, पण उद्या कुणी बोलायला नको," म्हणून स्वतःच्या बाथरूममध्ये हिरवा ओतला.

आम्ही नाल्यावर लाल आणि निळ्याची वाट पाहत बसलो. यल्लप्पा शेजारीच कपडे खळबळत होता. दुपारी एकपर्यंत लाल नाही, निळा नाही. वैतागून जेवायला गेलो.

संध्याकाळी मी सरांच्या व्हरांड्यात बसले होते. यल्लप्पा इस्त्रीचे कपडे घेऊन आला. सरांचा पांढरा शर्ट त्याने वेगळा काढून त्यांच्या हातात दिला. पाठीवर पसाभर हिरवा डाग होता.

"तीनदा धुतला, सर. निघत नाही," एवढंच बोलून तो गेला.

सरांनी आतून हिरव्या रंगाची पुडी आणून डागाशेजारी धरली.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेत गेलो. सरांच्या अंगात तोच शर्ट होता. साहेब हसले.

"काय सर, रंगपंचमी का आज?"

सरांनी अर्ज परत मागितला. खिशातून पेन काढून यल्लप्पाचं नाव खोडलं आणि शेजारी स्वतःच्या बंगल्याचा पत्ता लिहिला, घर नंबरासकट.

"आता नोटीस काढा," ते म्हणाले.