एका हाताची पेटी

आमच्या चर्चमध्ये पेटी दोघं मिळून वाजवतात. पट्ट्यांवर बाबांचा डावा हात असतो आणि समोर बसून आई भाता मारते. अर्धांगवायूनं गेलेला उजवा हात परत मिळावा म्हणून आम्ही किती गुडघे टेकले! तो काही परत आला नाही. वर्षभर रोज संध्याकाळी घरात बेसूर सराव चालायचा आणि आई म्हणायची, "देवानं डावा ठेवलाय ना तुम्हाला? मग घ्या पुन्हा पहिल्यापासून."

बाबा परत चर्चमध्ये वाजवायला बसले, तेव्हा त्यांची बोटं शब्दांच्या मागे राहायची. मग मंडळीच हळू गाऊ लागली, प्रत्येक ओळीच्या शेवटी बाबांसाठी थांबू लागली. दुःख सोसून माणसाला बळ येतं, असं उपदेशात ऐकलं होतं. ते एकट्याच्याच अंगात येतं, असं मला वाटायचं.

गेल्या रविवारी बाबा तापानं घरी होते. पाळकसाहेब पेटीवर बसले आणि दोन्ही हातांनी झपाट्यानं निघाले. मंडळी मात्र ओळ संपली की थांबायची, नेहमीसारखी. दुसऱ्या कडव्याला पाळकसाहेबांनीच वेग कमी केला.

उपासनेनंतर गावात नव्यानंच आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडे गाणी फार सावकाश म्हणतात हो. कुणाची चाल ही?"

मी मान ताठ करून म्हणाले, "माझ्या वडिलांनी बसवलीय."