बँडमास्तर गाडीतच बसले

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. नव्वदी ओलांडलेली, पण कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा टाय लावून येणार. आम्ही घरात त्यांना बँडमास्तर म्हणायचो. याचा अर्थ मी एकदा त्यांना सांगून टाकला, वरात, घोडा आणि लाल कोट यांच्यासकट. ते इतके खूश झाले की तेव्हापासून फोनवरही स्वतःला बँडमास्तरच म्हणवू लागले.

रेडिओ नवा नवा होता त्या काळात त्यांचा बँड या देशात घरोघरी ऐकला जायचा. बँड म्हणजे गाणाऱ्या मुलामुलींचा ताफा. इतरांकडे ट्रम्पेट असायची, यांच्याकडे तोंडानं ट्रम्पेट वाजवणारी पोरं. दर आठवड्याला सगळे एका मायक्रोफोनभोवती उभे राहायचे, मुली लांब गाऊनमध्ये, मुलं काळ्या सुटात, जणू श्रोत्यांना दिसणारच आहे. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या थिएटरांत कार्यक्रम, स्टेशनवर सह्या घ्यायला झुंबड. मग युद्ध आलं, नंतर टीव्ही आला, लोकांची आवड बदलली आणि बँडमास्तर एका शाळेत संगीत शिकवायला लागले. हे सगळं ते हसत हसत सांगायचे. फक्त एका गोष्टीपाशी त्यांचा चेहरा उतरायचा.

"अख्ख्या इंग्लंडनं माझा बँड रेडिओवर ऐकला, मी सोडून," ते म्हणायचे. "मी कायम स्टुडिओत. सगळं लाइव्ह, रेकॉर्ड कुणी करून ठेवलं नाही. घरात बसलेल्या माणसाला आम्ही कसे ऐकू यायचो, ते मला कधी कळलंच नाही. मरायच्या आधी एकदा कळायला हवं होतं."

मी त्यांना अजून एक चकली द्यायची.

त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळाला लोकल रेडिओवर आरती गायचं आमंत्रण आलं. लाइव्ह. फोन मी घेतला, म्हणून जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. मी भूल देणारी डॉक्टर. माणसांना गप्प करणं हा माझा पेशा, त्यांना सुरात गायला लावणं माझ्या आवाक्याबाहेरचं. मी कुंपणावरून बँडमास्तरांना हाक मारली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते हो म्हणाले. रेडिओच्या प्रोड्यूसरबाईंना तर लॉटरी लागल्यासारखं झालं.

पहिली तालीम आमच्या घरी झाली. आरती घरात गातात तशीच आम्ही गायलो. प्रत्येकाचा आवाज शेजाऱ्याहून वरचढ, टाळ्या मिनिटागणिक जलद, आणि ज्यांना शब्द येत नाहीत ते प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षरावर दणक्यात हजर. बँडमास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"सुरेख," ते म्हणाले. "हे थेट मुंबईला ऐकू गेलं. रेडिओ कशाला हवा?"

मग मंडळाच्या हॉलवर शिकवणी सुरू झाली. रेडिओवर हजारोंसाठी गायचं नसतं, एकासाठी गायचं असतं, हे त्यांचं पहिलं सूत्र. एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलतेय, तिच्या कानाशी गा. दुसरं सूत्र खडूचं. हॉलच्या फरशीवर त्यांनी खडूनं फुल्या मारल्या. नाजूक आवाज माइकजवळ, दणदणीत आवाज लांब. ज्याची त्याची फुली ठरलेली. एका काकूंना वाटलं रांगोळीचे ठिपके आहेत, त्या जोडायलाच निघाल्या होत्या.

खरी पंचाईत झाली ती अध्यक्षांची. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड हाडांचे सर्जन, आवाज हाडं मोडणारा. इतकी वर्षं आरतीचं तबक घेऊन ते सर्वांत पुढे उभे राहिलेले. त्यांची फुली निघाली पार दारापाशी, फायर एक्स्टिंग्विशरला लागून.

"अहो, मी चेअरमन आहे! मी काय डोअरमन आहे का?" ते माझ्यावर उखडले. "धिस इज जस्ट नॉट ऑन, हे चालायचं नाही, सांगा त्यांना."

मी तोंड उघडणार तोवर बँडमास्तरच त्यांच्याजवळ गेले. "माझ्या बँडमधला सर्वांत तगडा गडी नेहमी दारात उभा असायचा," ते म्हणाले. "तिथून पोचणारा आवाज रोज रोज मिळत नाही."

अध्यक्ष मुकाट्यानं फुलीवर जाऊन उभे राहिले. पुढच्या तालमीला ते सगळ्यांच्या आधी आले आणि कुणी आपली जागा घेत नाही ना, यावर नजर ठेवून होते.

रेडिओच्या दिवशी आम्ही नटूनथटून निघालो, बायका नऊवारीत, पुरुष कुर्त्यांत. बँडमास्तरांनी जुना काळा सूट घातला होता. रेडिओ स्टेशनच्या कार पार्कमध्ये नवऱ्यानं गाडी लावली. मी उतरले. बँडमास्तर उतरेनात.

"मी इथंच बसतो," ते म्हणाले. "या गाडीला रेडिओ आहे ना?"

"आणि समोर उभं राहून हातानं ताल कोण देणार?"

"तू."

मला राग आला. आत सगळे वाट बघत होते, प्रोड्यूसरबाई तर त्यांच्याच भरवशावर होत्या. मी भांडायलाच वाकले, तर त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते आवाजाचं बटण शोधत होते. मी नवऱ्याला म्हटलं, "स्टेशन नीट लावून दे त्यांना," आणि पळत सुटले.

स्टुडिओत मी सगळ्यांना एवढंच सांगितलं, "ते खाली गाडीत बसून ऐकतायत. त्यांनी स्वतःचा बँड आजवर रेडिओवर ऐकलेला नाही." काकूंनी पदरानं डोळे टिपले. अध्यक्ष दारापाशीच्या आपल्या जागेवरून आपण होऊन एक पाऊल मागे सरकले.

लाल दिवा लागला. माझा हात पाण्यात बुडणाऱ्यासारखा हलत होता, पण त्या दिवशी कुणी घाई केली नाही, कुणी कुणावर कुरघोडी केली नाही. बटाटे सोलणारी बाई आम्ही केव्हाच विसरलो होतो. आरती संपली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी प्रोड्यूसरबाईंना मिठी मारली.

आम्ही धावतच खाली आलो. नवरा गाडीबाहेर उभा होता. म्हणाला, "आधी ते हातानं ताल देत होते. मग हात मांडीवर ठेवला आणि नुसते ऐकत बसले."

अध्यक्षांनी खिडकीत डोकं घातलं. "मी ऐकू आलो का?"

"दारातून," बँडमास्तर म्हणाले, "अगदी बरोब्बर." अध्यक्ष लाजले. हे दृश्य मंडळात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

रेडिओवर आता फुटबॉलच्या बातम्या लागल्या होत्या, तरी त्यांचा हात बटणावरच होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, "कसं वाटलं?"

"कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, काल तुम्ही आमच्या घरी आला होतात," ते म्हणाले. "मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल."