उशीखालचा अंक

मद्रासेत कारकुनी करत असताना मला क्षय झाला आणि तांबरमच्या इस्पितळात कित्येक महिने काढावे लागले. शेजारच्या खाटेवर तंजावरचे एक मास्तर होते. बोलायचे मराठी, पण हेल सगळा तमिळ. दर शुक्रवारी त्यांची बायको चित्रकथांचं साप्ताहिक आणून द्यायची. त्यातला कोळी प्रत्येक अंकाच्या शेवटी चाच्यांच्या तावडीत सापडायचा आणि खाली छापलेलं असायचं 'तोडरुम', म्हणजे क्रमशः.

मास्तर नवा अंक उशीखाली ठेवत आणि मागच्या शुक्रवारचा वाचायला काढत. त्यांचं वाचून झालं की मगच तो मला मिळे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, नवा हाताशी असताना शिळा कसला वाचता?"

तोंडावरचं फडकं बाजूला करून ते म्हणाले, "उशीखाली न वाचलेला अंक असला, की सकाळी उठावंच लागतं."

पुढे एका सकाळी डॉक्टर त्यांना तपासून काही न बोलता निघून गेले. शुक्रवार अजून लांब होता. मास्तरांनी उशीखालचा अंक काढला, शेवटच्या चौकटीपर्यंत सावकाश वाचला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुम्हाला घाई होती ना."

मी तो न उघडता माझ्या उशीखाली सारला.