बेसिलच्या हातचा डायनॅमो

बेसिलकाकांना गाडीतलं काही कळत नाही असं म्हणणारा माणूस अख्ख्या दादरमध्ये एकच होता, आणि तो मी. मी इंटर सायन्सला दोनदा बसलो होतो, दुसऱ्यांदा पासही झालो होतो. काका पाचवीतून उठलेले. एवढ्या भांडवलावर मी त्यांना शहाणपण शिकवायचो आणि ते चष्म्याचा दोरा कानामागे सारखा करत ऐकून घ्यायचे.

पोर्तुगीज चर्चच्या मागच्या आमच्याच गल्लीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचं काम चाले. गाडीचं बाकी काही ते करत नसत, फक्त वीज. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, दिवे. पन्नाशीचा काटकुळा माणूस. बायको डोरिस काविळीने गेलेली. घरात ते आणि मुलगी ओल्गा. ओल्गा वीस वर्षांची, फोर्टात टायपिस्ट. सुट्टीच्या दिवशी बाप जेवायला उठेना की ती शेडच्या दारात येऊन उभी राहायची. "डॅडी, येतो का? नायतर तुझा बोंबील मांजराला घालते." मग काका हात पुसत उठायचे. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ते उठल्याचं मी पाहिलं नाही.

माझा थोरला भाऊ मनमोहन डॉक्टर. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आमच्या प्रभू घराण्याच्या जुन्या थाटातली एक अडतीस सालची विलायती गाडी तेवढी उरली होती, तिच्यातून तो व्हिजिटला जायचा. तिचा डायनॅमो म्हातारा झाला होता. दिवे लावले की मीटरचा काटा डावीकडे कलायचा, म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होतेय असं समजायचं. काकांनी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, डायनॅमोची पट्टी काढून आतले कार्बन पाहिले, काचपेपरने तांबं घासलं. चार दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच.

"डॉक्टर, ह्याच्यात आता जीव नाय," शेवटी ते म्हणाले. "मोठा डायनॅमो बसवू. एका मोडीत काढलेल्या व्हॅनचा हाय माझ्याकडं."

छपन्न सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी तो बसवला. धरायची पट्टी स्वतः वाकवली, पट्टा बदलला आणि शेजारी कटआउटची नवी डबी लावली. ही डबी म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं होतं. इंजिन चालू असलं की डायनॅमोची वीज तिच्यातून बॅटरीकडे जाते. इंजिन थांबलं की तिच्यातले दोन छोटे पॉइंट आपोआप सुटले पाहिजेत. ते चिकटून बसले तर बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत शिरते. दोन तासांत बॅटरी रिकामी आणि डायनॅमो जळून कोळसा. मी जांभई दिल्याचं मला आठवतं.

मंगळवारी मुंबई पेटलेली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे आदल्या संध्याकाळीच रेडिओवर सांगून झालं होतं. ऑफिसं बंद, ट्रामा बंद, रस्त्यात दगडांचे ढीग. मला घरात करमेना. दादा म्हणाला, "बंडू, बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरलीय. तेवढी पुसून ठेव. आज गाडी कधी लागेल सांगता येत नाही."

मी बॅटरी काढली, टोकं सोड्याने धुतली. आणि माझ्या लक्षात आलं की प्लसची तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. आमच्या प्रोफेसरांच्या नोट्समध्ये पत्र्याला मायनस. तेव्हा बेसिलकाकांनीच चूक केली, आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत आपण ती सुधारतोय, असं माझ्या हुशार डोक्याने ठरवलं. त्या विलायती गाडीला कारखान्यातूनच प्लस पत्र्याला येतो हे मला माहीत नव्हतं. विचारायला मी शेडपर्यंतसुद्धा गेलो नाही. पाचवी शिकलेल्याला काय विचारायचं?

बॅटरी उलटी जोडून मी गाडी सुरू केली. जरा वेग दिला तोच डबीत चट् असा आवाज झाला, निळी ठिणगी दिसली, काटा टोकाला जाऊन आपटला आणि जळका वास आला. मी इंजिन बंद केलं, घाबरून बॅटरी पुन्हा होती तशी जोडली, पुन्हा सुरू केलं. काटा चांगला उजवीकडे गेला. हुश्श केलं. मग इंजिन बंद केलं. आता काटा मधोमध यायला हवा होता. तो डावीकडे पडून राहिला. मी तो पाहिला. बॅटरीची तार सोडून ठेवली असती तरी भागलं असतं, शेडवर जाऊन काकांना हाक मारली असती तरी भागलं असतं. पण मग काय केलंस ते सांगावं लागलं असतं. जेवण झाल्यावर बघू म्हटलं आणि गाडीचं दार लावलं. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

बारा-सव्वाबाराला मोठ्या रस्त्यावर गोळीबार झाला. माणसं गल्लीत धावत आली. ओल्गा बापाला जेवायला बोलवायला शेडच्या दारात उभी होती. गोळी कुठून आली ते कधी कळलं नाही. ती मांडीत लागली.

दादा बॅग घेऊन धावला. त्याने कमरेचा पट्टा काढून तिच्या मांडीला आवळला. रक्त थांबेना. "मोठी नस तुटलीय," तो म्हणाला. "परळच्या हॉस्पिटलात पोचली तर वाचेल, पण आत्ता. बंडू, गाडी काढ."

अँब्युलन्सचा फोन लागत नव्हता, टॅक्सी मिळायचा प्रश्नच नव्हता. गल्लीत गाडी ती एकच. मी सेल्फ ओढला. काही झालं नाही. हॉर्न दाबला, तोही वाजला नाही. काकांनी रक्ताच्या हातांनी बॉनेट उघडलं, डायनॅमोला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना समजलं होतं, फक्त अर्धंच.

दहा-बारा जणांनी गाडी ढकलली. पार नाक्यापर्यंत ढकलली. बॅटरीत दमच नव्हता, इंजिन कशावर पेटणार? मग कोळशाच्या वखारीची हातगाडी आणली, तिच्यावर सतरंजी टाकली आणि ओल्गाला निजवलं. रस्त्यात जागोजागी दगडांचे बांध. प्रत्येक बांधाला गाडी उचलून पलीकडे न्यावी लागे. काका तिचा पाय दोन्ही हातांनी धरून चालत होते. ती आधी "डॅडी, थंडी वाजते" म्हणत होती, मग म्हणेनाशी झाली. परळला पोचायला पाऊण तास लागला. ती दहा मिनिटं आधीच गेली होती.

घरी येऊन हात धुताना दादा म्हणाला, "गाडी चालली असती तर पोर जगली असती." तो माझ्याशी बोलत नव्हता, पण ऐकायला मीच होतो.

आठवड्याने काका आले. गाडीजवळ बसून त्यांनी डबी उघडली. दोन्ही पॉइंट एकमेकांत वितळून एक झालेले. मग जिना चढून वर आले आणि दादापुढे हात जोडले.

"डॉक्टर, पॉइंटची गॅप पाती घालून मोजायची असती. घाईत मी अंदाजानं ठेवली. म्हणून चिकटले. माझी पोर मीच मारली."

दादाने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. वीज आहे, यंत्र आहे, कुणाचाही दोष नाही, असं काहीबाही तो बोलत राहिला. मी दाराशी उभा होतो. जीभ टाळ्याला चिकटली वगैरे काही झालं नाही. जीभ धड होती. मी भ्यालो. दादा मला घराबाहेर काढेल, गल्ली माझ्या तोंडावर थुंकेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डोक्यात ओल्गा नव्हती, तिचा बाप नव्हता.

काकांनी शेड सोडली. अवजारं कुणाकुणाला देऊन टाकली आणि कॉटन ग्रीनला एका कापसाच्या गोदामावर पहारेकरी म्हणून राहिले. दादाच्या दवाखान्यात येणारा तिथला कारकून मला एकदा म्हणाला, तुमचा म्हातारा विचित्रच आहे, साधा बल्ब गेला तरी हात लावत नाही, दुसऱ्याला बोलावतो. ज्या माणसाला डोळे झाकून डायनॅमोच्या आर्मेचरवर तार गुंडाळता यायची त्याची मी ही गत केली होती.

साठ सालच्या मे महिन्यात सगळीकडे कमानी आणि दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. महाराष्ट्र झाला होता, मुंबई त्यात होती. लोक एकमेकांना पेढे भरवत होते. माझ्या हातातला पेढा मी शेजारच्या पोराला देऊन टाकला. एका दुपारी उठलो आणि कॉटन ग्रीनला गेलो. काका गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसले होते. फार वाकले होते.

मी बसलोसुद्धा नाही. "काका, तुमची गॅप बरोबर होती. त्या दिवशी सकाळी मी बॅटरी काढली होती. ती उलटी जोडली. पॉइंट त्याने चिकटले. ओल्गा माझ्यामुळे गेली."

मग उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टरांनी पाठवलं ना तुला?"

"नाही हो काका, खरंच मी..."

"त्या गाडीला बॅटरी उलटी लागतच नाय, बाळा. प्लसचा खांब जाड, मायनसचा बारीक. दोन्ही क्लिपा त्या मापाच्या. अदलाबदल करशील तर बसणार कशा?" ते पहिल्यांदाच हसले. "तू भला पोरगा हायस. पण असं करू नको. चार वर्सं मी फादरकडं जाऊन तेच तेच कबूल करतोय. आता कुठं मला झोप लागाय लागलीय."

बारीक क्लिप मी पेचकसाने फाकवली होती आणि जाड क्लिप पकडीने दाबली होती. नंतर दोन्ही ठोकून पुन्हा सारख्या केल्या होत्या. एवढं सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं.

त्यांनी समोरून दोन चहा मागवले. मी माझा प्यालो, कप खाली ठेवला आणि येतो म्हणालो.